पॉकेट डॉपलर, मिडवायफरीची दोन सेमिस्टर वापरल्यानंतर: मशीन चांगलं, वायर कुचकामी

पॉकेट डॉपलर म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकवणारं छोटं मशीन, आणि वायरने त्याला जोडलेला, आईच्या पोटावर टेकवायचा भाग म्हणजे प्रोब. सातव्या सेमिस्टरची लेबर रूम (प्रसूतिकक्ष) पोस्टिंग चालू असतानाच प्रोबची वायर मानेपाशी तुटली. सर्व्हिस सेंटरचं उत्तर असं की वॉरंटी मशीनला आहे, प्रोबला नाही, नवा घ्या. नव्या प्रोबचा भाव अख्ख्या मशीनच्या निम्म्याहून जास्त! त्यामुळे हा रिव्ह्यू बराचसा त्या वायरबद्दलच आहे. २ मेगाहर्ट्झचा प्रोब, दोन पेन्सिल सेल, छोटा स्क्रीन, इअरफोनचं भोक, ही सगळी माहिती बॉक्सवर छापलेली असतेच.

घ्यावं की नाही, हे आधी. २०२१च्या नव्या सेमिस्टर पद्धतीत बी.एस्सी. नर्सिंगला मिडवायफरी (प्रसूतिशास्त्र) सहाव्या आणि सातव्या सेमिस्टरला येते. क्लिनिकलचे तास सहाव्यात २४० आणि सातव्यात ३२०. सहाव्यात भर नॉर्मल बाळंतपणावर, सातव्यात हाय-रिस्क म्हणजे धोक्याच्या बाळंतपणावर. केसबुकात प्रत्येक पॅल्पेशनपुढे (हाताने चाचपून केलेल्या पोटाच्या तपासणीपुढे) बाळाच्या ठोक्यांचा आकडा लिहावा लागतो, आणि पार्टोग्राफवर, म्हणजे प्रसूतीच्या प्रगतीच्या आलेखावर, तोच ठिपका दर अर्ध्या तासाला. गर्दीच्या वॉर्डात असलेलं डॉपलर आधी स्टाफचं, मग पीजींचं (पदव्युत्तर शिकणाऱ्या डॉक्टरांचं), विद्यार्थिनींचा नंबर त्यानंतर. म्हणून स्वतःचं असणं उपयोगाचं आहे. पण एकटीने घेऊ नका. चौघींनी वर्गणी काढली तर परवडतं, आणि एका शिफ्टला एकच जण लेबर रूमला असते तेव्हा अडतही नाही.

आता वायर. प्रोबच्या तोंडाशी दोन क्रिस्टल असतात. एक सतत ध्वनिलहरी सोडतो, दुसरा परत आलेल्या पकडतो. दोघांची तार वेगळी, केसासारखी बारीक, आणि प्रत्येकीवर जाळीचं आवरण. या दोन्ही तारा एकाच स्प्रिंगसारख्या वायरमधून मशीनपर्यंत जातात. ठोके शोधताना मनगट सतत वळतं आणि सगळा ताण येतो तो प्रोबच्या मानेपाशी, पहिल्या दोन सेंटिमीटरवर. तिथे लांब, मऊ रबरी बाही हवी. या मशीनला तिथे कडक प्लॅस्टिकची आखूड कडी आहे. वायर तिच्या कडेवर दर वेळी त्याच जागी वाकते. शिवाय ड्युटी संपली की वायर मशीनभोवती घट्ट गुंडाळून एप्रनच्या खिशात कोंबली जाते. आधी जाळी तुटते, मग आतली तार. वायर सैल, मोठ्या वेटोळ्यात ठेवली आणि मानेपासून पहिले चार बोटं सरळ राहू दिले तर ती बरीच जास्त टिकते.

तुटण्याच्या कितीतरी आधी मशीन सांगत असतं. प्रोबच्या तोंडाला थोडं जेल लावून त्यावर बोट हलकेच घासा, स्वच्छ खसखस ऐकू यायला हवी. मग बोट काढा, प्रोब टेबलावर स्थिर धरा आणि वायर मानेपाशी हळूहळू वाकवा. काही घासत नसताना कडकड आवाज आला तर जाळी गेली. बोट घासूनही आवाज नाही, पण वायर एका ठरावीक कोनात धरल्यावर आवाज परत येतो, तर आतली तार गेली. कुठल्याच कोनात काहीच नाही आणि प्रोब मध्यंतरी फरशीवर पडलेला असेल, तर बहुधा क्रिस्टल फुटला आहे, आणि त्याला दुरुस्ती नाही. ही तपासणी शिफ्टच्या सुरुवातीला मिनिटभरात होते. ती टाळू नका, कारण मशीन वायरची कडकड ठोका म्हणून मोजतं आणि स्क्रीनवर अगदी खरा वाटेल असा आकडा दाखवतं.

दुरुस्ती नागपुरात बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) होते, पण कारागिराला चार गोष्टी सांगाव्या लागतात. एक, प्रोब स्क्रूचा असेल तरच उघडायचा. चिकटवलेला प्रोब फोडला की सील जातं आणि जेल आत शिरतं. दोन, जुने सांधे सोडवण्याआधी फोटो काढायचा: कोणत्या रंगाची तार कुठे, जाळी कुठे. जाळी आणि तार उलटी लागली की नुसती घरघर ऐकू येते. तीन, तीच वायर तुटल्या जागेच्या दीड-दोन सेंटिमीटर पुढे कापून पुन्हा डाग द्यायचा, साधी वायर लावायची नाही. जाळी नसलेल्या वायरीत शेजारच्या मोबाइलची टरटर शिरते. चार, मानेवर हीट-श्रिंक (गरम केल्यावर आक्रसणाऱ्या) नळीचे दोन थर, आतला लांब आणि बाहेरचा आखूड, म्हणजे वाक एका जागी न राहता पसरतो. कंपनीने कारखान्यातच हे केलं असतं तर काही रुपयांत काम झालं असतं, याचाच सगळ्यात जास्त राग येतो. हे मशीन सेलवर चालतं म्हणून ही दुरुस्ती चालते. चार्जर लावून वापरायच्या मशीनला किंवा वॉर्डच्या मालकीच्या डॉपलरला हा उपाय करू नका, ते काम बायोमेडिकलवाल्यांचं. दुरुस्तीनंतर पिनार्डने (पोटावर टेकवून कानाने ठोके ऐकायच्या साध्या नळीने) मोजलेला आकडा आणि डॉपलरचा आवाज ऐकून मोजलेला आकडा जुळतो का, ते पाहिल्याशिवाय मशीन परत पोस्टिंगला नेऊ नका.

आता मत बदललं ते. सहावं सेमिस्टर संपताना या मशीनला साडेचार तारे द्यावेत असं वाटत होतं, आणि त्याचं मोठं कारण होतं स्क्रीनवरचा आकडा. सातवं संपताना तोच आकडा सगळ्यात कमी कामाचा वाटतो. मशीन ठोके मोजतं म्हणजे आवाजात ठरावीक अंतराने काय परत येतंय याचा हिशोब लावतं. त्यात दोन चुका होतात. ठोके फार मंद असले तर एका ठोक्याचे दोन आवाज वेगळे धरून आकडा दुप्पट होतो. खरे ७० असताना स्क्रीनवर १४० दिसू शकतात, आणि १४० पाहून कुणीच सिनियरला हाक मारत नाही. ठोके फार जलद असले तर उलट, आकडा निम्मा होतो. तिसरा धोका आईच्या नाडीचा. कळांमध्ये, ताप असताना आईची नाडी १२०-१३० वर जाते. प्रोब गर्भाशयाच्या रक्तवाहिनीवर असला तर तोच आकडा बाळाचा म्हणून पार्टोग्राफवर चढतो.

म्हणून पद्धत एकच. प्रोब एका हातात, दुसऱ्या हाताची बोटं आईच्या मनगटावर, नजर भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंद काट्यावर. कळ ओसरली की लगेच ऐकायला सुरुवात आणि पूर्ण ६० सेकंद मोजणी. १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर कळेनंतर घसरून परत सावरणारे ठोके सुटतात, आणि शोधायचे असतात नेमके तेच. पहिल्या अवस्थेत (गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडेपर्यंत) किमान दर अर्ध्या तासाला, दुसऱ्या अवस्थेत (तिथून बाळ बाहेर येईपर्यंत) दर ५ मिनिटांनी. नॉर्मल मिनिटाला ११० ते १६०. सिनियरकडून मिळालेल्या जुन्या नोट्समध्ये १२० ते १६० असतं, व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) विचारलं तर दोन्ही माहीत असल्याचं सांगा आणि कोणत्या मार्गदर्शिकेतलं ते म्हणा. मऊ, वाऱ्यासारखी सळसळ आईच्या नाडीबरोबर चालत असेल तर ती गर्भाशयाची, बाळाच्या वेगाने चालत असेल तर नाळेची. बाळाचा ठोका म्हणजे घोड्याच्या टापांसारखा स्पष्ट, दुहेरी.

दुसरी वाईट सवय हे मशीन लावतं ती पोटभर प्रोब फिरवायची. आधी लघवी करून यायला सांगा, मग चारही ग्रिप (बाळ कसं आहे ते हातांनी चाचपायच्या चार पद्धती), मग प्रोब. बाळाचं डोकं खाली असेल तर ठोके बेंबीच्या खाली, पाठ ज्या बाजूला त्या बाजूच्या कमरेच्या हाडापासून बेंबीपर्यंतच्या रेषेच्या मध्याजवळ. पायाळू असेल तर बेंबीच्या पातळीला किंवा वर. प्रसूती पुढे सरकते तसे ठोके खाली आणि मध्याकडे येतात. मागच्या अर्ध्या तासाला मिळालेली जागा आता रिकामी लागली, तर घाबरण्याआधी प्रोब दोन बोटं खाली घ्या. तरीही मिळाले नाहीत तर आईला डाव्या कुशीवर वळवा आणि लगेच सिनियरला बोलवा. तोंडावर काळजी दाखवू नका आणि "सगळं ठीक आहे" असंही म्हणू नका.

आवाज मोठा ठेवायचा की इअरफोनवर, हेही ठरवावं लागतं. एएनसी ओपीडीत (गरोदरपणातल्या तपासणीच्या बाह्यरुग्ण विभागात) स्पीकर चालू ठेवा. "हे बाळाचंच हाय का जी?" असं विचारणाऱ्या बाईला तो आवाज ऐकवण्यासारखं दुसरं काही नाही, आणि पुढची लोहाच्या गोळ्यांची चार वाक्यं ती मन लावून ऐकते. लेबर रूममध्ये मात्र इअरफोनच, कारण शेजारच्या टेबलावरची बाई ठोके ऐकते आणि आपल्या बाळाचे वेगळे आहेत म्हणून घाबरते. बाळ कमी हलतंय असं आई म्हणाली, तर ठोके ऐकू आले एवढ्यावर तिला घरी पाठवायचं नाही. डॉपलर त्या क्षणाचं सांगतं, त्यापुढची तपासणी करावीच लागते.

नागपूरच्या हवेचं वेगळं लिहायला हवं. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो तेव्हा गाडीच्या डिक्कीत ठेवलेल्या मशीनचे सेल गळतात आणि जेल पाण्यासारखं पातळ होऊन पोटावरून ओघळतं. हिवाळ्यात उलट, थंडगार जेल लागलं की बाई दचकते, तेव्हा बाटली आधी ओंजळीत धरा. जेल संपलं म्हणून खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावू नका, त्याने प्रोबचं तोंड खराब होतं. अडलंच तर साधं पाणी चालतं, कारण प्रोब आणि कातडीमध्ये हवा राहू नये एवढंच हवं असतं. जेल ओलं असतानाच मऊ कापडाने पुसा, वाळलेलं जेल फटीत बसून घट्ट होतं. प्रोब पाण्यात बुडवायचा नाही, एका आईकडून दुसरीकडे जाताना पुसायचाच.

एका गोष्टीत मात्र या मशीनला तोड नाही: कूलर. मोठा डेझर्ट कूलर घोंघावत असताना पिनार्डने ठोके ऐकणं नवख्या कानाला जवळजवळ अशक्य असतं. तिथे डॉपलर आणि इअरफोनच कामाला येतो.

तरीही पिनार्ड सोडू नका. स्किल लॅबच्या साध्या पुतळ्यावर डॉपलर चालत नाही, आत काही हलतच नसतं. तिथे ओएससीईला (प्रात्यक्षिक कौशल्यांच्या परीक्षेला) जागा बरोबर ठरवणं, पिनार्ड काटकोनात ठेवणं, कान टेकल्यावर हात काढून घेणं, नाडी सोबत धरणं, यालाच गुण असतात. १८९५ सालच्या या नळीला सेल लागत नाहीत, आणि तिच्यात आईची नाडी बाळाची म्हणून सहसा दिसत नाही, कारण ती खुद्द बाळाच्या हृदयाचा आवाज ऐकवते, डॉपलरसारखा हालचालीवरून बनवलेला नाही.

घेणार असाल तर मेडिकल चौकातल्या सर्जिकल दुकानात जाऊन हातात घेऊन पाहा, ऑनलाइन स्वस्त दिसलं तरी. प्रोबची मान वाकवून पाहा: बाही मऊ आणि निदान तीन सेंटिमीटर हवी. वायर मशीनकडून प्लगने निघणारी हवी, म्हणजे मशीन बदलावं लागत नाही. प्रोबची वॉरंटी किती महिन्यांची, ते बिलावर लिहून घ्या, तोंडी नको. सुटा प्रोब किती रुपयांना मिळतो, ते मशीनचा भाव ठरवण्याआधीच विचारा. आवाजाला चार तारे, आकड्याला दीड, वायरला शून्य. दुरुस्तीनंतर हे मशीन नीट चालतंय आणि इंटर्नशिपच्या लेबर रूमलाही तेच जाणार आहे, नवा प्रोब घेतलेला नाही.