जुनी बॉक्स्टर, प्लास्टिकची मागची काच आणि क्लबातली उतरंड : वापरानंतरचा अनुभव

न्यू जर्सीत राहून जुनी पोर्शे बॉक्स्टर घ्यावी का, आणि घेतलीच तर मालकांच्या क्लबाची वर्गणी भरावी का, हे दोन प्रश्न मला इथल्या मराठी मंडळींकडून वरचेवर विचारले जातात. माझ्याकडे १९९९ सालची, अडीच लिटर इंजिनाची, पाच गिअरची साधी ९८६, म्हणजे पहिल्या पिढीची बॉक्स्टर आहे, जास्त ताकदीची ‘एस’ नाही. नव्या टोयोटा कॅमरीच्या निम्म्याहून कमी पैशांत ती मिळाली आणि त्याच आठवड्यात मी क्लबाची सभासद झाले. अलीकडे एका पावसानंतर गाडी सुरूच होईना, आणि त्या दुरुस्तीच्या निमित्ताने जे घडले त्यामुळे क्लबाविषयीचे माझे मत पुष्कळ बदलले. म्हणून गाडी आणि क्लब या दोहोंचा अनुभव एकत्र लिहिते आहे. अश्वशक्ती, वजन, वेग हे आकडे वाचकांना ठाऊक आहेत असे धरून चालते.

चालवण्याविषयी थोडक्यात सांगते, कारण तिथे तक्रारीला जागाच नाही. लॅम्बर्टव्हिलपासून फ्रेंचटाउनपर्यंत डेलावेअर नदीच्या काठाने जाणाऱ्या २९ क्रमांकाच्या रस्त्यावर टप उघडून ही गाडी चालवावी. इंजिन आसनांच्या मागे आणि मागच्या आसाच्या पुढे असल्यामुळे वळणावर ती इतकी समतोल राहते की वेग न वाढवताही चालवण्याचे समाधान मिळते. पुढे एक आणि मागे एक अशा दोन डिक्या आहेत आणि आठवड्याचा किराणा त्यांत सहज मावतो.

आता मागच्या काचेविषयी. २००३ च्या मॉडेलपासून बॉक्स्टरच्या टपाला खरी काच मिळू लागली. त्याआधीच्या सर्व गाड्यांना टपाच्या कापडात पारदर्शक प्लास्टिकचा एक तुकडा शिवून दिलेला आहे. टप खाली जाताना हा तुकडा दुमडतो. घडी नेमक्या जागी पडली तर ठीक. जरा तिरकी पडली की पांढरट चुणी उठते आणि पुढे कधीतरी त्याच चुणीवर चीर जाते. म्हणून जाणकार मालक टप अर्ध्यावर थांबवतात, गाडीतून उतरून मागे जातात, तळहाताच्या कडेने प्लास्टिक हलकेच आत दाबून घडी स्वतः बसवतात, आणि पुन्हा आत येऊन बटण दाबतात. थंडीत प्लास्टिक कडक होते, त्यामुळे सकाळचा गारठा असेपर्यंत टपाला हात लावायचा नाही. घरातला काच पुसण्याचा अमोनियायुक्त फवारा वापरायचा नाही, कारण त्याने प्लास्टिक धुरकट होते. कोरड्या फडक्याने धूळ पुसायची नाही, कारण बारीक चरे पडतात. एवढे सगळे पाळूनही उन्हाने ते पिवळे पडायचे ते पडतेच, आणि रात्री मागच्या गाडीचे दिवे दोन धूसर डागांसारखे दिसतात. माझदाची एमएक्स-५ ही बॉक्स्टरच्या मानाने कितीतरी स्वस्त गाडी. तिच्या टपाला १९९८ मध्येच काच आणि ती तापवणाऱ्या ताराही मिळाल्या होत्या. सहा सिलिंडरचे असे गोड इंजिन बनवणाऱ्या कंपनीने काटकसर करण्यासाठी नेमकी हीच जागा निवडावी, याचा मला आजही मनापासून राग येतो.

या पिवळ्या प्लास्टिकवर एवढे लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. क्लबाच्या रविवारच्या न्याहारीला गाडी नेली की लोक प्रथम तेच पाहतात. नवी काच म्हणजे मालक खर्च करू शकणारा. पिवळे प्लास्टिक म्हणजे स्वस्तात गाडी उचललेला. पहिल्याच रविवारी एका गृहस्थांनी त्या प्लास्टिकवर नखाने टकटक केली, ‘सुरुवात करायला बरी आहे,’ असे म्हणाले, आणि माझे नावही न विचारता पुढच्या गाडीकडे गेले. वाहनतळावरच्या स्वयंसेवकाने मला आधीच मागच्या, टेनिस कोर्टालगतच्या रांगेत पाठवले होते. पुढची रांग हवेने थंड होणाऱ्या इंजिनांच्या ९११, म्हणजे पोर्शेच्या सर्वांत नावाजलेल्या मॉडेलच्या, जुन्या गाड्यांसाठी राखीव असते.

ही उतरंड बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. सर्वांत वर हवेने थंड होणारी ९११. तिची शेवटची पिढी, म्हणजे ९९३, १९९८ पर्यंत निघाली. त्यांच्या मालकांच्या लेखी तिच्यानंतरची, पाण्याने थंड होणारी ९११ ची पिढी, ९९६, म्हणजे परंपरेला लागलेला डाग. ९९६ वाल्यांचे दुखणे निराळे : त्यांच्या गाडीचा पुढचा भाग आणि तळलेल्या अंड्यांच्या नावाने हिणवले जाणारे ते दिवे बॉक्स्टरशी सामायिक आहेत, आणि समोरून येणारी गाडी ९११ आहे की बॉक्स्टर हे लांबून ओळखता येत नाही. २००२ च्या मॉडेलपासून ९११ ला वेगळे दिवे मिळाले, तेव्हा त्यांना हायसे वाटले असणार. बॉक्स्टरवाले मग ९१४, ९२४ आणि ९४४ या पोर्शेच्या जुन्या, स्वस्त मॉडेलांकडे बोट दाखवतात, की त्यांत फोक्सवॅगन आणि ऑडीचा अंश आहे. आणि हे सगळे मिळून पोर्शेची कायेन ही उंच एसयूव्ही चालवणाऱ्याच्या गाडीला ‘मुलांना शाळेत सोडायची गाडी’ असे म्हणतात. समोरून दुसरी पोर्शे आली की चालकाने हात उंचावायचा, ही इथली जुनी रीत आहे. बॉक्स्टरच्या वाट्याला ९११ कडून हे अभिवादन क्वचितच येते.

ब्रिटनमध्ये बॉक्स्टरला ‘केशकर्तन करणाऱ्यांची गाडी’ म्हणून हिणवतात आणि अमेरिकेत ‘सेक्रेटरीची गाडी’ म्हणून. दोन्हींत स्वतःच्या कमाईवर गाडी घेणाऱ्या बायकांविषयीचा तुच्छभाव उघड आहे, आणि त्या कमाईत लाज वाटण्यासारखे काही आहे असे मला वाटत नाही. क्लबात माझे यजमान सोबत असले की गाडीविषयीचे प्रश्न त्यांनाच विचारले जातात. त्यांना क्लच आणि गिअर यांची आवडही नाही.

‘ही खरी पोर्शे नव्हे’ या आक्षेपाला इतिहासाचा आधार नाही, हे मात्र ठामपणे सांगायला हवे. पोर्शे नाव लावलेली ३५६ क्रमांक एक ही गाडी ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड गावी बनली आणि तिला ८ जून १९४८ रोजी रस्त्यावर चालवण्याचा परवाना मिळाला. ती दोन आसनांची, उघड्या टपाची होती, तिचे इंजिन मागच्या आसाच्या पुढे होते, आणि तिचे कितीतरी भाग सरळ फोक्सवॅगनच्या बीटलमधून घेतलेले होते. म्हणजे बॉक्स्टरची मांडणी आणि ९१४ वरचा ‘फोक्सवॅगनचे भाग’ हा आक्षेप, दोन्ही मूळ गाडीतच आहेत. इंजिन आसाच्या मागे गेले ते पुढच्या ३५६ गाड्यांत. शर्यतीच्या ५५० स्पायडरने १९५३ मध्ये पुन्हा तीच मधल्या इंजिनाची मांडणी घेतली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीची विक्री कोसळली होती. १९९३ मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात बॉक्स्टरचा नमुना दिसला, १९९६ मध्ये ती बाजारात आली, आणि तिच्याशी भाग सामायिक केल्यामुळेच ९९६ परवडणाऱ्या खर्चात तयार होऊ शकली. आज ९११ निघते आहे, त्यात या गाडीचा वाटा मोठा आहे.

इथवरचे मत मी सहा-आठ महिन्यांपूर्वीच लिहून ठेवले होते आणि त्याचा शेवट ‘गाडी घ्या, क्लबाच्या वाटेला जाऊ नका’ असा होता. पुढे पाऊस झाला. टपाच्या दोन्ही बाजूंना, मागच्या झाकणाखाली, पाण्याच्या निचऱ्यासाठी भोके असतात. ती पानांच्या कुजलेल्या चोथ्याने भरली की पाणी आत उतरून आसनांखाली साचते, आणि इमोबिलायझरची, म्हणजे ओळखीच्या किल्लीशिवाय गाडी सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, पेटी नेमकी चालकाच्या आसनाखाली, गालिच्याच्या पातळीवर बसवलेली आहे. ती भिजली की गाडी किल्ली ओळखत नाही. डीलरने नवी पेटी आणि किल्ल्यांचे कोडिंग मिळून पंधराशे डॉलरच्या आसपास खर्च सांगितला, भिजलेल्या पेटीतली माहिती वाचून पाहण्याचा प्रयत्नही केला नाही, आणि निचऱ्याची भोके साफ करण्याचे पैसे वेगळे लावले. सल्लागार बोलताना सारखा माझ्या यजमानांकडेच पाहत होता. मी गाडी ट्रकवर घालून घरी परत आणली.

क्लबाच्या सभासदांना मी दोन ओळींचा निरोप पाठवला. त्याच संध्याकाळी टेनिस कोर्टालगतच्या रांगेतले एक निवृत्त तंत्रज्ञ दारात हजर झाले. त्यांच्याकडे १९८० च्या दशकातली ९४४ आहे. त्यांनी आसन सोडवले, गालिचा उचलला, खालच्या स्पंजातून मूठभर पाणी पिळून दाखवले आणि पेटी उघडली. आतल्या सर्किटच्या हिरव्या पट्टीवर शेवाळ्यासारखा गंज चढला होता, पण एका कोपऱ्यातली आठ पायांची बारीक चिप शाबूत होती. गाडीची आणि किल्लीची ओळख तिच्यातच साठवलेली असते. भंगारातून आणलेली तशीच एक पेटी त्यांच्या खोक्यात होती. भिंग डोळ्याला लावून, डागण्याच्या टोकाने एकेक पाय मोकळा करत त्यांनी ती चिप काढली, दुसऱ्या पट्टीवर बसवली, आणि गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. भोकांसाठी त्यांनी गवत कापायच्या यंत्रातली जाड नायलॉनची दोरी दिली आणि ती आत किती घालायची, कुठे अडली तर जोर लावायचा नाही, हे हात धरून शिकवले. पैसे घेतले ते फक्त भंगारातल्या पेटीचे. मोबदल्यात त्यांनी एकच मागितले, की त्यांच्या ९४४ चा टायमिंग बेल्ट बदलताना मी दिवसभर मदतीला यावे.

मी गेले, आणि त्या गॅरेजमध्ये मला क्लबाचा दुसरा चेहरा दिसला. ९४४ चा बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात, त्यामुळे तिच्या मालकांना बेल्टचा ताण मोजणे शिकावेच लागते. गाडी स्वस्त आणि दुरुस्ती महाग, म्हणून अवजारे एकमेकांना देण्याची सवय त्यांच्यात मुरलेली आहे. त्या दिवशी तिथे ९११ एससीचे एक वयस्कर मालकही होते. ही गाडी निघाली १९७८ ते १९८३ मध्ये. त्यांनी ती वापरलेली घेतली तेव्हा शाळेतल्या शिक्षकाला परवडेल अशी होती, आणि ते शिक्षकच होते. हवेने थंड होणाऱ्या ९११ च्या किमती गेल्या दहा-पंधरा वर्षांत कितीतरी पटींनी चढल्या, तरी हे गृहस्थ ती पावसात काढतात आणि डिकीत बागेची माती वाहतात. माझ्या काचेकडे पाहून त्यांनी प्लास्टिकसाठी कोणते पॉलिश चांगले, एवढेच सांगितले.

त्यामुळे ‘९११ वाले शिष्ट’ हे माझे सरसकट मत मागे पडले. टकटक करणारे गृहस्थ गाडी बंद ट्रेलरमधून आणतात आणि ट्रेलरमधूनच नेतात. त्यांच्यासाठी ती ठेव आहे आणि तिचा भाव टिकायचा तर तिच्या खालच्या पायऱ्याही टिकायला हव्यात. ज्यांच्या गाड्या रोज रस्त्यावर असतात, त्या कधीतरी बंद पडतात, आणि बंद पडलेल्या गाडीच्या मालकाला दुसऱ्याची गरज लागते. तेवढ्यानेच माणूस निवळतो असे नाही, पण मी पाहिले ते असे आहे. शिष्टपणा आमच्या रांगेतही आहे. बॉक्स्टर जर्मनीतल्या श्टुटगार्टप्रमाणेच फिनलंडमधल्या ऊसिकाउपुंकी येथेही बनत असे, आणि वाहन-क्रमांकातल्या अकराव्या अक्षरावरून ते ओळखता येते. श्टुटगार्टच्या ‘एस’ अक्षरवाल्याने फिनलंडच्या ‘यू’ अक्षरवाल्याला डिवचताना मी ऐकले आहे.

ऑटोक्रॉसच्या दिवशी मात्र हे सगळे गळून पडते. रिकाम्या वाहनतळावर कोन मांडून रस्ता आखतात, एकेक गाडी वेळ लावून सोडतात, आणि पाडलेल्या प्रत्येक कोनामागे दोन सेकंद वाढवतात. अर्ध्या दिवसात गाडी चालवायची, उरलेल्या अर्ध्यात उन्हात उभे राहून इतरांनी पाडलेले कोन पळत जाऊन जागेवर ठेवायचे, हा नियम सर्वांना सारखा आहे. माझ्या गाडीने उडवलेला कोन जीटी३ या ९११ च्या महागड्या, शर्यतीच्या धाटणीच्या गाडीच्या मालकाने उचलून, खडूच्या चौकोनात नीट बसवून मला अंगठा दाखवला. शिकवायला शेजारी बसले होते ते एससीवाले शिक्षकच.

घेणाऱ्यांसाठी एक सूचना. काचेच्या हौसेने २००३-०४ ची गाडी निवडण्याआधी इंजिनातल्या इंटरमीडिएट शाफ्टच्या बेअरिंगचा विचार करा. १९९७ ते १९९९ च्या गाड्यांतले दुहेरी ओळीचे बेअरिंग नंतरच्या एकेरी बेअरिंगपेक्षा टिकाऊ मानले जाते, आणि ते गेले तर इंजिनच जाते. प्लास्टिकचा तुकडा नवा शिवून मिळतो. मी तेच करणार आहे.

सदस्यत्व मी पुढेही चालू ठेवते आहे. वर्षाची वर्गणी ऑइल बदलण्याच्या खर्चाच्या निम्मीसुद्धा नाही. रविवारच्या न्याहारीला मात्र राखीव रांग असेपर्यंत जाणार नाही, कारण नव्या माणसाला आपली पायरी दाखवणारी ती पहिली गोष्ट आहे आणि पहिल्या रविवारनंतर परत न आलेल्या दोन बॉक्स्टरवाल्यांना मी ओळखते. गाड्या येतील त्या क्रमाने लावाव्यात, असा लेखी अर्ज आम्ही काही सभासदांनी समितीकडे दिला आहे. त्यावर पहिली सही एससीवाल्या शिक्षकांची आहे, दुसरी ९४४ वाल्यांची. ९९६ वाल्यांपैकी काहींनी सही करण्यास नकार दिला. अर्ज समितीच्या पुढच्या बैठकीत येईल.