सोसायटीचे नवे कॅमेरे : काम चोख, पण चौथे खाते कोणाचे?

नाशिकच्या इंदिरानगरमधील आमच्या सोसायटीने महात्मा गांधी रोडवरील एका विक्रेत्याकडून आठ कॅमेरे, रेकॉर्डर आणि जोडणी असे काम करून घेतले. काम चोख झाले आहे. केबल पाइपातून नीट नेली आहे, फाटकावरच्या कॅमेऱ्यात रात्रीही गाडीचा नंबर वाचता येतो आणि पावसाळ्यात एकाही जोडात पाणी शिरले नाही.

विक्रेत्याची सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे जुना, स्वस्त माल त्याने आमच्या गळ्यात मारला नाही. ९ एप्रिल २०२५ पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यांना केंद्राने सुरक्षा चाचणी सक्तीची केली असून, तीत कॅमेऱ्याचा सोर्स कोड, म्हणजे त्याच्या सॉफ्टवेअरचा मूळ मजकूरही तपासला जातो. खोक्यावरची नोंदणीची खूण त्याने आपणहून दाखवली. कोड सरकारी प्रयोगशाळेच्या हाती देण्यास परदेशी कंपन्यांचा आक्षेप आहे, आणि चाचणी रखडल्याने मालाचा तुटवडा होतो ही तक्रारही खोटी नाही. तरीही मला हा नियम योग्य वाटतो. सरकारी संस्थांमधील सुमारे १० लाख कॅमेरे चिनी कंपन्यांचे आहेत, असे केंद्राने २०२१ मध्ये संसदेत सांगितले होते, आणि चीनचा २०१७ चा गुप्तवार्ता कायदा तेथील कंपन्यांना सरकारी हेरखात्याला साहाय्य करण्यास बांधून घेतो. ओझरला विमानांचा कारखाना, देवळालीला तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र आणि नाशिकरोडला नोटांचा छापखाना असलेल्या या शहरात रस्त्याकडे तोंड केलेला कॅमेरा ही निव्वळ सोसायटीची खासगी बाब राहत नाही.

तक्रार आहे ती पुढची. चौथ्या महिन्यात रेकॉर्डरमधील वापरकर्त्यांची यादी उघडली, तर अध्यक्ष, मी आणि वॉचमन यांच्याखाली ‘सर्व्हिस’ नावाचे चौथे खाते पूर्ण अधिकारांसह दिसले. विचारल्यावर उत्तर मिळाले, “साहेब, दुकानातूनच दुरुस्ती करता यावी म्हणून ठेवलंय, सगळ्यांकडे असंच असतं.” पासवर्डही सगळीकडे एकच होता. म्हणजे तो एक पासवर्ड फुटला की त्या दुकानाने जोडलेली प्रत्येक इमारत उघडी पडणार. २०१६ मध्ये ‘मिराई’ या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) जगभरातील लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, तेही कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदलले नव्हते म्हणूनच. प्रयोगशाळेत कॅमेऱ्याची कितीही कसून तपासणी झाली, तरी शिडीवर चढलेला माणूस कोणता पासवर्ड घालतो हे तिला दिसत नाही, आणि धोरणाच्या चर्चेत या माणसाचा उल्लेख मला क्वचितच आढळतो.

सांगितल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांचा मुलगा आला आणि त्याने काही पैसे न घेता माझ्यासमोर ते खाते काढून टाकले. त्यामुळे या विक्रेत्याकडे जाऊ नका असे मी म्हणणार नाही; मात्र उरलेली रक्कम देण्यापूर्वी वापरकर्त्यांची यादी पडद्यावर उघडून घ्या. जुने कॅमेरे आणि रेकॉर्डर त्यांनी बदल्यात घेतले, पण रेकॉर्डरमधील हार्ड डिस्क आम्ही काढून घेतली. ती आता सोसायटीच्या कपाटात कुलपाखाली आहे.