डिझेल टाकीत फोम भरावा की अ‍ॅल्युमिनियमची जाळी?

लष्करी गाडीच्या टाकीत स्फोटरोधक भराव घालायचा ठरलं की फोम (सच्छिद्र स्पंज) आणि अ‍ॅल्युमिनियमची जाळी असे दोनच पर्याय बहुधा समोर येतात. स्फोट रोखायला दोन्ही चालतात आणि जागाही दोन्ही थोडीच खातात. फरक पडतो तो पुढे, डिझेलच्या स्वच्छतेत.

फोमचं नाव काढलं की जुनी मंडळी नाक मुरडतात, ते उगाच नाही. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी विमानांच्या टाक्यांत पॉलिएस्टर जातीचा फोम होता. उष्ण, दमट हवेत तो ओलाव्यामुळे विघटित व्हायचा आणि त्याचा चुरा फिल्टरमध्ये जायचा. नंतरचा पॉलिइथर फोम ओलाव्यात बराच टिकतो. त्यात स्थिर वीज साठायची, म्हणून वीजवाहक प्रकार निघाला. आज घ्यायचा तर हाच.

जाळी कागदावर उजवी. उष्णता सोसते, डिझेलमध्ये तिचं काही विरघळत नाही, शिवाय तांबं जसं इंधनाचं ऑक्सिडेशन (हवेतल्या ऑक्सिजनमुळे खराब होणं) वाढवतं, तसं अ‍ॅल्युमिनियम वाढवत नाही.

मला मात्र कायम छळलं ते पाण्यानं. टाकीत दव धरतं, पाणी तळाला जातं. जाळी तळाला टेकलेली असली की ते पातळ पत्र्याच्या घड्यांत अडकतं. ड्रेन कॉक (तळाचं पाणी काढायची तोटी) उघडावा तर स्वच्छ डिझेल येतं, टाकी कोरडी वाटते. बुरशी वाढते ती नेमकी त्या अडकलेल्या पाण्यावर. मग फिल्टर उघडला की काळा बुळबुळीत थर, आणि त्यात चमकणारे बारीक कण. खडबडीत रस्त्यांवर जाळी घासून निघालेले हे कण इंजेक्शन पंपाला फार वाईट.

पाणी फोमही धरतो, हे मान्य. पण तो दाबून टाकीच्या झाकणातून बाहेर काढता येतो, टाकी आतून पुसून तोच परत भरता येतो. जाळी काढताना चेमटते, कडा हात कापतात, पुन्हा पहिल्यासारखी बसत नाही. त्यामुळे सफाई पुढे ढकलली जाते आणि गाळ साचत राहतो.

टाकी इंजिनाच्या धगीला लागून असेल तर जाळीचा विचार जरूर करावा. एरवी माझा कल वीजवाहक पॉलिइथर फोमकडे. काहीही घेतलं तरी ड्रेन कॉक आणि सक्शन पाइपभोवतीची (इंजिनाकडे डिझेल ओढणाऱ्या नळीभोवतीची) जागा मोकळी ठेवायला ऑर्डरमध्येच लिहून द्या, आणि भराव टाकल्यावर पहिला फिल्टर मुदतीआधीच बदला.