साइटवर रसायनांचा धोका सांगायचा कसा: फाइल, चित्र की सकाळची दहा मिनिटं?

वीस-पंचवीस माणसांची बांधकामाची साइट, हातात वेळ थोडा. मग भर कशावर द्यायचा? पुरवठादाराकडून येणाऱ्या सेफ्टी डेटा शीटवर (रसायनाच्या सुरक्षेची माहिती देणाऱ्या कागदावर), डब्यावरच्या धोक्याच्या चित्रांवर, की टूलबॉक्स टॉकवर, म्हणजे काम सुरू होण्याआधी जागेवरच सुरक्षेबद्दल थोडं बोलण्यावर?

डेटा शीट सर्वांत पक्की. तिचे 16 भाग असतात: दुसऱ्यात धोका, चौथ्यात प्रथमोपचार, आठव्यात हातमोजे-मास्क. पण ती बहुतेकदा इंग्रजीत असते आणि ऑफिसच्या कपाटात पडून राहते. गवंड्याला ती वाचून कोण दाखवणार? तरी टाकून देऊ नका. इपॉक्सीचा हार्डनर कुणाच्या डोळ्यात उडाला, तर दवाखान्यात जाताना सोबत तोच कागद लागतो.

चित्रांना भाषा लागत नाही, म्हणून ती सोपी वाटतात. जीएचएस या रसायनांचे धोके दाखवण्याच्या जागतिक पद्धतीत लाल कडांची 9 चित्रं आहेत. ज्वाला आणि कवटी बिहारहून आलेल्या बिगाऱ्यालाही कळते. पण छातीवर चांदणी फुटल्यासारखा दिसणारा माणूस? त्याचा अर्थ कर्करोग, श्वसनाची ॲलर्जी असे दूरगामी त्रास, आणि तो सांगितल्याशिवाय कुणाला सुचत नाही. शिवाय चित्र मूळ डब्यावरच राहतं. टाइल्स धुवायचं ॲसिड पाण्याच्या बाटलीत ओतलं, की ते पाण्यासारखंच दिसतं.

माझं झुकतं माप टूलबॉक्स टॉकला. कारण सिमेंट. ओल्या सिमेंटचा पीएच 12 च्या वर, म्हणजे ते कातडी भाजण्याइतकं अल्कधर्मी, पण ते लागताक्षणी झोंबेलच असं नाही. गुडघे टेकून फिनिशिंग करणाऱ्याची पँट भिजते, तो काम चालू ठेवतो आणि संध्याकाळी कातडी सोलून निघते. ‘आत्ता दुखत नाही म्हणजे काही नाही’ हा गैरसमज चित्रानं जात नाही. मुकादमानं सिमेंटनं खाल्लेली स्वतःची बोटं दाखवली, की लगेच उतरतो.

तीच गोष्ट पाण्याच्या टाकीला आतून रंग देण्याची. थिनरची वाफ हवेपेक्षा जड, तळाशी साचते. माणूस तिथेच वाकून काम करतो. आधी हवा खेळती करा, बाहेर एक माणूस उभा ठेवा, हे टाकीच्या तोंडाशी उभं राहूनच सांगावं.

टॉकची खोट अशी की दुपारी आलेला नवा माणूस ती चुकवतो, आणि पुष्कळ ठिकाणी रजिस्टरवर अंगठे घेतले की काम झालं असं धरतात. म्हणून माल कालवायच्या जागी, कामगारांच्या बोलीत, दहाच मिनिटं बोला आणि शेवटी उलट विचारा: ‘डोळ्यात गेलं तर आधी काय करशील?’ ‘साहेबांना सांगेन’ असं उत्तर आलं, तर पुन्हा सांगा: आधी पाणी, भरपूर आणि बराच वेळ.

हे जमत असेल तर चित्रांच्या मोठ्या फलकाचा खर्च थांबवा. मुकादमाच्या खिशात एक मार्कर मात्र हवाच, कुठलाही माल दुसऱ्या डब्यात काढला की वर नाव लिहायला. पाण्याच्या बाटलीत तर काहीच भरू देऊ नका, नाव लिहूनसुद्धा.