ओढायचे आहे की उचलायचे? इलेक्ट्रिक विंच, चेन पुल्ली आणि हाताचे पुलिंग मशीन

छोट्या इलेक्ट्रिक होइस्टच्या, म्हणजे दोराने भार वर उचलणाऱ्या यंत्राच्या, पाटीवर बहुधा "२००/४०० किलो" असे दोन आकडे छापलेले असतात आणि घेणारा त्यातला दुसराच आकडा डोक्यात ठेवून घरी येतो. पहिला आकडा एकेरी दोराचा असतो. दुसरा आकडा सोबत दिलेली कप्पी अडकवून दोर दुहेरी केल्यानंतरचा असतो, आणि तसे केले की वेग मिनिटाला साधारण १० मीटरवरून ५ मीटरवर व उचलण्याची उंची १२ मीटरवरून ६ मीटरवर उतरते. तिसऱ्या मजल्यावर ४०० किलो चढवायचे म्हणून घेतलेले यंत्र त्या उंचीला प्रत्यक्षात २०० किलोचेच ठरते. दुकानदार खोटे बोललेला नसतो. आपण पाटी अर्धीच वाचलेली असते.

शेत, घरबांधणी, छोटी कार्यशाळा किंवा किनाऱ्यावरची होडी यांसाठी असे यंत्र घेण्याचा विचार करणाऱ्यासमोर साधारणपणे चार पर्याय असतात. पहिला म्हणजे २३० व्होल्टवर चालणारे हे मिनी होइस्ट, आणि त्याच्याच जातीचा, दोन्ही टोकांना हूक असलेला व हाताने उचलून नेता येणारा इलेक्ट्रिक विंच, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळत भार ओढणारे यंत्र. दुसरा जीपच्या पुढे किंवा ट्रॉलीवर बसवला जाणारा १२ व्होल्टचा बॅटरी विंच. तिसरी आपली जुनी, हातसाखळी ओढून भार उचलणारी चेन पुल्ली. चौथे दांडा मागेपुढे करून चालवायचे, ज्याच्या पोटातून वायररोप आरपार जातो ते पुलिंग-लिफ्टिंग मशीन, ज्याला अनेक ठिकाणी टिर्फर म्हणतात. एक टनाची चांगली चेन पुल्ली आणि मिनी होइस्ट यांच्या किमतीत फार मोठे अंतर नसते, त्यामुळे निवड किमतीवर सोडून चालत नाही. ती कामाच्या स्वरूपावर करावी लागते.

ओढणे आणि उचलणे यांतला फरक

सपाट, कडक जमिनीवर चाकांवरची वस्तू ओढायला तिच्या वजनाच्या जेमतेम काही टक्के ताकद लागते. तीच वस्तू ३० अंशांच्या चढावर असेल तर घर्षण सोडून वजनाच्या निम्मी ताकद लागते. आणि सरळ वर उचलायची असेल तर पूर्ण वजन दोरावर येते, शिवाय ते हवेत धरून ठेवण्याची जबाबदारी ब्रेकवर येते. बॅटरी विंचच्या पाटीवरचा आकडा ओढण्याचा असतो. त्यावर ४००० किलो लिहिले आहे म्हणून त्याने १००० किलोचे इंजिन गाडीतून बाहेर काढून टांगावे, असे होत नाही. या विंचपैकी अनेकांचा ब्रेक ड्रमच्या आतच बसवलेला असतो आणि भार लटकत असताना दोर सोडत गेले की तो तापतो. कृत्रिम धाग्याचा दोर असेल तर त्या उष्णतेने तो आतल्या थरापासून खराब होऊ लागतो. त्यातच हा आकडा ड्रमवर दोराचा पहिलाच थर असतानाचा असतो. वर दुसरा, तिसरा थर चढत गेला की ड्रमचा व्यास वाढतो आणि दर थराला ओढण्याची ताकद घटत जाते. ओढायची वस्तू जवळ असेल तर बहुतेक दोर ड्रमवरच असतो, म्हणजे नेमक्या त्या वेळी विंच सर्वांत अशक्त असतो. त्यावर उपाय सोपा आहे: कप्पी लावून दोर दुहेरी करावा, म्हणजे जास्त दोर बाहेर पडतो आणि ओढही जवळजवळ दुप्पट होते.

म्हणून लटकता भार असेल तर बॅटरी विंचचा विचार सोडून द्यावा, हे माझे मत पक्के आहे. उरलेल्या तिघांत मात्र विचार करण्यासारखे पुष्कळ आहे.

बोअरची मोटर काढताना

३०० फुटांवर सोडलेली सबमर्सिबल मोटर सव्वा इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपावर असेल, तर वजनाचा हिशोब असा मांडता येतो. पाइपाचे वजन मीटरला सुमारे ३.१ किलो, म्हणजे ९० मीटरचे २८० किलो. खालचा एनआरव्ही, म्हणजे पाणी परत खाली जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, पाणी धरत असेल तर पाइपात मीटरला साधारण १ लिटर पाणी, म्हणजे आणखी ९० किलो. पंप, मोटर आणि केबल मिळून ६० किलो धरले तर एकूण ४३० किलो होतात. पाण्यात बुडालेला भाग थोडा हलका भरतो हे खरे, पण हिशोब कोरड्या वजनाचाच करावा, कारण तळाशी गाळ बसलेला असेल तर ओढ याहूनही वाढते. पाटीवरचा ४०० किलोचा आकडा इथे पहिल्याच पाइपाला अपुरा पडतो. हाच जोड एचडीपीई, म्हणजे प्लास्टिकच्या, पाइपाचा असता तर सगळे मिळून पावणेदोनशे-दोनशे किलोंच्या आत भागले असते आणि मिनी होइस्ट सहज पुरले असते.

चेन पुल्लीने हेच काम करताना वजनाची चिंता नसते, श्रमाची असते. एक टनाच्या पुल्लीत पूर्ण भाराला हातसाखळीवर साधारण ३० किलोंचा जोर लागतो असे धरले, तर भार १ मीटर चढवायला किमान ३३ मीटर हातसाखळी ओढावी लागते. घर्षण धरले तर त्याहून जास्तच. दहा फुटी ३० पाइप, प्रत्येकाला ३ मीटर उचल, असा गुणाकार केला की दिवसभरात तीन किलोमीटरच्या आसपास साखळी हातांखालून जाते. तीन माणसे आळीपाळीने ओढतात आणि संध्याकाळी कोणाचा खांदा वर होत नाही. होइस्टला तीच ३ मीटर उचल दुहेरी दोराने छत्तीस सेकंदांत जमते, आणि मग क्लॅम्प आवळून, पान्याने जोड खोलेपर्यंत पाच-सहा मिनिटे मोटरला आपोआप विश्रांती मिळते. कामाची ही लय विजेच्या यंत्राला अगदी मानवणारी आहे.

तरीही आमच्या शेतातल्या बोअरवर आम्ही पहिल्या दिवशी जो धडा घेतला तो या हिशोबात नव्हता. तिसरा पाइप काढताना दोर ताणला गेला, होइस्टची मोटर नुसती घुमू लागली, आणि बटणावरचा अंगठा निघेपर्यंत तीन पायांच्या घोडीचा एक पाय वीतभर जमिनीत रुतून घोडी बोअरवर कलली. पंप गाळात अडकला होता आणि ते यंत्राला कळण्याचा काही मार्ग नव्हता. होइस्ट उतरवून शेजाऱ्याची चेन पुल्ली लावली. घोडीच्या पायांखाली फळ्या घातल्या. साखळी जड लागली की थांबायचे, पाइप पान्याने थोडा उलटसुलट हलवायचा, पुन्हा दोन हात साखळी ओढायची, असे करत तासाभरात पंप सुटला. हाताने चालवण्याच्या यंत्रात अडथळा तळहाताला जाणवतो. विजेच्या यंत्रात तो काहीतरी तुटल्यावर दिसतो. त्यामुळे जीआय पाइपाच्या कामासाठी मी आता दोन्ही वापरतो: पहिले सहा-सात पाइप चेन पुल्लीने, आणि दर पाइपाबरोबर बारा-तेरा किलो कमी होत भार साडेतीनशेच्या खाली आला की पुढचे सगळे होइस्टने.

यंत्र किती वेळ चालू शकते

मिनी होइस्टच्या पाटीवर कोपऱ्यात एस-३, २० टक्के, १० मिनिटे अशी एक नोंद सापडते. तिचा अर्थ असा की दर दहा मिनिटांत मोटर एकूण दोनच मिनिटे चालावी. बांधकामावर १० मीटर उंचीवर माल चढवायचा असेल तर एकेरी दोराने वर जायला एक मिनिट आणि रिकामे खाली यायला एक मिनिट, म्हणजे दहा मिनिटांत एकच खेप. तासाला सहा खेपा, प्रत्येकी टोपलीसकट २०० किलो. जांभ्याचा एक चिरा ३० किलोंच्या आसपास धरला तर एका खेपेला सहा चिरे आणि तासाला छत्तीस. गवंड्याला माल हवा असतो म्हणून मजूर बटण सोडत नाही, आणि पहिल्याच महिन्यात मोटर जळाली की दोष कंपनीला दिला जातो. दिवसभर अखंड माल चढवायचा असेल तर हे यंत्र त्या कामाचे नव्हेच. बांधकामावरची मोठ्या मोटरची लिफ्ट भाड्याने आणणे स्वस्त पडते.

विजेच्या दाबाचे प्रकरण याहून चिवट आहे. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे २३० ऐवजी १७० व्होल्ट मिळाले तर जोर निम्म्याच्या किंचित वर उरतो. शेतातल्या लाइनच्या टोकाला १९० व्होल्ट असणे नवलाचे नाही. त्यावर आपण १ चौरस मिलिमीटर तारेची ३० मीटर एक्स्टेन्शन लावतो, जिचा जाण्यायेण्याचा रोध एक ओहमहून थोडा जास्त भरतो; मोटर सुरू होताना वीस-पंचवीस अँपिअर ओढते तेव्हा आणखी पंचवीस व्होल्ट त्या तारेतच जातात. यंत्र भार उचलत नाही, गुरगुरते, आणि कपॅसिटर किंवा वाइंडिंग यांपैकी एकाचा बळी जातो. घ्यायचेच असेल तर निदान अडीच चौरस मिलिमीटरची वायर, अर्थिंग आणि गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी यांचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा. बॅटरी विंचला हा त्रास नाही, पण त्याची भूक वेगळी: साडेनऊ हजार पौंडी, म्हणजे सुमारे ४३०० किलोंचा विंच पूर्ण भाराला ३०० अँपिअरच्या पुढे जातो, गाडीचा अल्टरनेटर त्याच्या काही अंशांनीच वीज देतो, आणि काही मिनिटांतच बॅटरी बसते.

होडी ओढताना

पश्चिम किनाऱ्यावर साधारणपणे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्याआधी होड्या वाळूवर ओढून घेतात, आणि इथे तुलना पूर्णपणे उलटते. दीड टनाची फायबरची होडी, आठास एक असा वाळूचा चढ आणि खाली लाकडी ओंडके असे धरू. चढामुळे वजनाचा आठवा हिस्सा, म्हणजे १९० किलो. ओंडके वाळूत रुततात म्हणून घर्षणाला वजनाचा पाव हिस्सा, ३७५ किलो. एकूण ओढ ५६५ किलो. हातात धरायचा ५०० किलोंचा इलेक्ट्रिक विंच इथे थेट लावला तर थकेल, कप्पी लावून दोर दुहेरी केला तर पुरेल, पण त्याचा दोर सात-आठ मीटरचाच असेल तर तीन-चार मीटरांवर पुन्हा पुन्हा सोडून बांधावा लागतो. हाताच्या पुलिंग मशीनमध्ये दोर ड्रमवर गुंडाळला जात नाही, आरपार जातो. त्यामुळे दोर हवा तेवढा लांब घेता येतो आणि ताकद थरांप्रमाणे घटत नाही. १६०० किलोंचे मशीन या होडीला पुरून उरते. उणीव एकच: दांड्याच्या एका पूर्ण हेलकाव्याला पाच-सहा सेंटिमीटर दोर सरकतो, म्हणजे ४० मीटर ओढायला सातशेच्या आसपास हेलकावे. दहा जण असलेल्या वाडीत ते सहज होते, दोघांच्या घरात होत नाही. किनाऱ्यावर जीप आणता येत असेल तर बॅटरी विंच हे काम सर्वांत सुखाने करतो. मात्र खाऱ्या हवेत त्याची जोडणी आणि पोलादी दोर दोन्ही गंजतात, म्हणून वापरानंतर गोड्या पाण्याने धुऊन कोरडे करणे चुकवू नये.

आधार माडाचा घेत असाल तर रुंद पट्टा बुंध्याला अगदी जमिनीलगत बांधावा, नुसता वायररोप वळसा घालून नव्हे. आणि दुहेरी दोराची कप्पी जिथे बांधली आहे तिथे यंत्राच्या ओढीच्या दुप्पट ताण येतो हे विसरले जाते. पट्टा आणि शॅकल (पट्टा व कप्पी जोडणारी पोलादी कडी) त्या हिशोबाने घ्यावेत. ताणलेल्या पोलादी दोरावर मधोमध ओले गोणपाट टाकून ठेवावे, म्हणजे तुटला तरी तो फटकारा मारण्याऐवजी खाली पडतो. ड्रमवर पोलादी दोराचे निदान पाच वेढे राहिलेच पाहिजेत, कारण भार त्या वेढ्यांच्या घर्षणावर टिकतो, टोकाच्या स्क्रूवर नव्हे.

विहिरीच्या कामात यारीच्या, म्हणजे विहिरीतला माल वर काढणाऱ्या क्रेनच्या, बादलीतून माणसे खाली-वर करण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे, म्हणून स्वतंत्रपणे लिहितो: चारपैकी एकही यंत्र माणूस टांगण्यासाठी नाही, रिकामे असताना ते कितीही दणकट वाटले तरी.

कारखान्यात २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २९ प्रमाणे उचलण्याची यंत्रे, साखळ्या आणि दोर यांची बारा महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी बंधनकारक होती. शेतावर कोणी विचारत नाही, पण दोर तोच असतो. चेन पुल्ली घेताना आयएस ३८३२ या तिच्या भारतीय मानकाचा उल्लेख आणि चाचणीचा दाखला मागावा. होइस्ट घेताना वरच्या मर्यादेला आपोआप थांबवणारा लिमिट स्विच चालतो का, हे दुकानातच पाहावे. मग पाटीवरच्या भाराच्या निम्मे वजन चार बोटे उचलून प्लगचे बटण बंद करायला सांगावे, हूकवर खडूची खूण करावी, आणि पाच मिनिटांनी ती खूण खाली सरकली असेल तर ते यंत्र घेऊ नये.