कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या खेळासाठी जॉयस्टिक कुठली, एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो घ्यायची का हॉटास एक्स?

टिळकवाडीतल्या आमच्या खोलीत टेबल दीड हाताचं, त्यावर कीबोर्ड आणि कुंद्याचा डबा पण, त्यामुळं लॉजिटेकची एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो बरोबर मावते, दांडा पिळला की रडर, म्हणजे विमानाचं नाक डावी-उजवीकडं वळवणारं शेपटीचं पातं, चालतो, पण पॉवर कमी-जास्त करायचा थ्रॉटल म्हणजे बुडाला एवढीशी पट्टी, सांबऱ्याला, आमच्या बेळगावच्या विमानतळावर, उतरताना पॉवर जरा कमी करायला गेलं की जास्तच जाते. थ्रस्टमास्टरच्या हॉटास एक्सचा थ्रॉटल कसा डाव्या हातात भरून येतो, सुटा करून लांब ठेवता येतोय, त्याच्यावरच बोटांनी रडर दाबायचा आणि दांड्याचं पिळणं लॉक करायचं, म्हणजे विमान झुकवताना चुकून नाक वळत नाही. थ्रॉटलला मधोमध खटका लागतो तेवढी सवय करायची बघा. जागा असली तर हॉटासच घ्या. रडरसाठी पायाचे पेडल? आधी एक विमान तरी सरळ उतरू दे की!