एम३४०आय की सी-क्लास?

बीएमडब्ल्यूची एम३४०आय आणि मर्सिडीजच्या सी-क्लासमधली सी २००, दोन्ही चार दारांच्या जर्मन सेडान. पण त्यांचा पिंडच वेगळा.

2021 मध्ये आपल्याकडे आलेल्या एम३४०आयचं सगळं वैभव बॉनेटखाली आहे. तीन लिटरचं, एका रांगेत सहा सिलिंडर असलेलं टर्बो पेट्रोल इंजिन, आली तेव्हा 387 अश्वशक्ती, 500 न्यूटन-मीटर टॉर्क (चाकं फिरवणारा जोर), शून्य ते ताशी शंभर किलोमीटर फक्त 4.4 सेकंदांत! आकडे बाजूला ठेवा आणि ताम्हिणीच्या वळणावर जाडजूड स्टिअरिंग हातात धरा. चाकं काय करतायत ते तळव्यांना कळतं. ताकद चारही चाकांना जाते, त्यामुळे वळणातून बाहेर पडताना पाय दाबायला भीती वाटत नाही. रेव्हज, म्हणजे इंजिनाचे फेरे, वाढले की इंजिनाचा आवाज गुळगुळीत चढत जातो. चार सिलिंडरमध्ये तो कधीच ऐकू येणार नाही.

सी २०० मध्ये दीड लिटरचं इंजिन, 204 अश्वशक्ती. शंभर गाठायला 7.3 सेकंद. घाई असलेल्यांची ही गाडी नाहीच. चाकणमध्ये बांधली जाणारी ही गाडी आतून मात्र मोहात पाडते. मधोमध चालकाकडे किंचित कललेला 11.9 इंचांचा उभा स्क्रीन, रात्री दारांवर उजळणारी मंद प्रकाशरेषा, खड्ड्यांचा धसका बराचसा गिळणारं सस्पेन्शन. आई-बाबा मागे बसणार असतील, तर हीच घ्या.

मी स्वतः चालवणार असेन, तर माझं मत एम३४०आयला. पाठीला थोडे धक्के बसले तरी चालतील.